शिदोरी घरची, पाणी गावाचे

आपल्या लोककथेतला राजपुत्र दूरदेशी निघाला की आई त्याला तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देते. राजाचा मुलगा झाला तरी वाटेत मिळेल ते खाईन, असा भरवसा धरून तो निघत नाही, आणि त्याची आईही त्याला तसा निघू देत नाही. लहानपणी ऐकलेल्या या दोन लाडवांमध्ये अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावा असा एक भेद आहे. भूकलाडू प्रत्येक घरात वळता येतो. ज्याच्या घरी जे धान्य असेल त्याचा तो होतो. तहानलाडू मात्र कथेतच सापडतो. माणूस दोन दिवसांची भाकरी फडक्यात बांधून खांद्यावर टाकू शकतो, पण दोन दिवसांचे पाणी वाहून नेणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून प्रवाशाच्या भुकेची सोय घराने करावी आणि तहानेची सोय वाटेवरच्या समाजाने करावी, अशी एक अलिखित विभागणी आपल्याकडे पूर्वापार चालत आली. बारवा, विहिरी, धर्मशाळा आणि पाणपोया हा त्या करारातील समाजाचा वाटा होता. अहिल्याबाई होळकरांचे नाव आजही वाटेवरच्या घाटांशी आणि विहिरींशी जोडून घेतले जाते, ते त्याच कारणाने.

हा करार आज दोन्ही बाजूंनी सैल होत आहे. घरातून निघणारी शिदोरी आटत चालली आहे आणि वाटेवरचे फुकट पाणी तर त्याहून वेगाने आटत आहे. शिदोरी बांधणे म्हणजे जुन्या वळणाच्या माणसांची काटकसर किंवा कोणा आजीची हौस, अशी समजूत करून घेऊन आपण या बदलाकडे पाहतो. परंतु प्रश्न हौसेचा नाही. कमी पगाराच्या माणसाला या देशात प्रवास परवडतो तो कशामुळे, याचे अर्धेअधिक उत्तर तिकिटाच्या दरात नसून त्याच्या मांडीवरच्या डब्यात आहे.

टिकण्याचे शास्त्र

प्रथम या डब्यात काय असते ते पाहू. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात; ती मऊ राहते आणि पोळीपेक्षा अधिक टिकते. धपाट्यांत तिखट, मीठ, हळद आणि ओवा पडतो. तिखटमिठाच्या पुऱ्या तळताना त्यांच्यातले बरेच पाणी निघून जाते. बटाट्याची भाजी न्यायची ती सुकी, रस्सा नसलेली, आणि शक्यतो ओले खोबरे न घातलेली, कारण ओले खोबरे उन्हाळ्यात सर्वांत आधी विटते. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी कोरडीच असते. लिंबाच्या लोणच्याचे रक्षण आंबटपणा आणि मीठ ही दोघे मिळून करतात. दहीभात न्यायचा असेल तर जाणती गृहिणी भातात दूध अधिक आणि विरजण थोडे घालते. प्रवास पुढे सरकतो तसे डब्यातच दही लागत जाते आणि उघडताना भात आंबट झालेला नसतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा आणि कांदा, ही तर शेतावर जाणाऱ्याची रोजचीच शिदोरी. तिला डबाही लागत नाही. भाकरी हीच तिची थाळी असते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला ओलावा लागतो. तो काढून घ्यावा किंवा मिठाने, साखरेने, गुळाने बांधून ठेवावा, म्हणजे अन्न टिकते. प्रयोगशाळेतील हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघराने पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून मिळवले आणि ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे तोंडी पोचवले. अशा ज्ञानाला अर्थशास्त्रात भांडवल म्हणतात. ते वापरात राहिले तरच जिवंत राहते. एखाद्या पिढीने वापरणे सोडले तर पुढच्या पिढीला ते विकत घ्यावे लागते.

रेल्वेच्या खानपान व्यवस्थेकडे पाहिले की या ज्ञानाची किंमत कळते. जुलै २०२३ मध्ये रेल्वेने अनारक्षित डब्यांतील प्रवाशांसाठी फलाटावर २० रुपयांचे स्वस्त जेवण देण्याची योजना सुरू केली. त्यात काय होते? सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे. एवढे मोठे खाते, त्याचे तज्ज्ञ आणि त्याचे कंत्राटदार यांनी विचारांती स्वस्त, टिकाऊ आणि सुरक्षित म्हणून जे निवडले, ते आपल्या आजीच्याच डब्यातले होते.

सोवळ्याची गाठ

तथापि शिदोरीचे गुणगान करताना तिच्या गाठीत काय काय बांधले गेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दशमी दुधात भिजवण्यामागे टिकाऊपणाइतकाच सोवळ्या-ओवळ्याचाही विचार होता. पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळते, दुधातुपातले विटाळत नाही, या समजुतीमुळे प्रवासात ते चालत असे. दुसऱ्याच्या हातचे खावे लागू नये म्हणून घरचे न्यायचे, हा शिदोरीचा एक हेतू होता आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ सर झाला आणि मुंबई व पुणे अखंड लोहमार्गाने जोडली गेली. एकाच डब्यात, एकाच बाकावर निरनिराळ्या जातींची माणसे मांडीला मांडी लावून बसू लागली. गाडीने माणसे जवळ आणली; अन्नपाण्याने मात्र आपला सवतासुभा सोडला नाही. स्थानकांवर हिंदूंचे पाणी वेगळे आणि मुसलमानांचे पाणी वेगळे, अशी व्यवस्था इंग्रजी अमदानीच्या अखेरीपर्यंत चालू होती. पाणी वाटणारा माणूस बहुधा ब्राह्मण नेमला जाई; हेतू हा की त्याच्या हातचे घेण्यास कोणाची हरकत नसावी.

ज्यांना या दोन्हींपैकी कोणतेच पाणी मिळत नव्हते, त्यांच्या शिदोरीचे काय होत असे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. त्यांचे वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी ही मुले साताऱ्याहून आगगाडीने निघून मसूरच्या स्थानकावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तेही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे, या अटीवर. मुलांजवळ खाण्याचे भरपूर होते. रात्र झाली, भूक लागली, पण पिण्याजोगे पाणी त्यांना कोणी देईना. आणि पाण्यावाचून घास गिळता येईना. डबे भरलेले असताना ती मुले उपाशी झोपली.

शिदोरीच्या अर्थशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला या प्रसंगात दिसतो. भूकलाडू असून उपयोग नाही. तहानेची सोय करणाऱ्या समाजाने तोंड फिरवले तर घरातून आणलेले अन्न निव्वळ ओझे होते. घर कितीही तरतूद करो, सार्वजनिक पाणी सर्वांसाठी सार्वजनिक नसेल तर ती तरतूद फोल ठरते. दुप्पट भाड्याचा तपशीलही विसरू नये. समाजाने ज्याला अडवले आहे त्याच्याकडून बाजार अधिक पैसे वसूल करतो, हा नियम तेव्हाही होता आणि रूप पालटून आजही आहे.

अडलेल्या गिऱ्हाइकाचा बाजार

आता बाजाराकडे वळू. रात्रीची एसटी घाटापलीकडे एखाद्या हॉटेलपाशी वीस मिनिटे थांबते. आसपास दुसरे दुकान नाही. चालक-वाहकांचे जेवण तेथे कसे होते हे सर्वश्रुत आहे. उतरलेल्या प्रवाशाला भाव पटला नाही तर दुसरीकडे जाता येत नाही, कारण गाडी निघून जाईल. अशा माणसाच्या मागणीला अर्थशास्त्रात अलवचीक मागणी म्हणतात. साध्या भाषेत त्याला अडलेले गिऱ्हाईक म्हणावे. वीस मिनिटांपुरती का होईना, हॉटेलवाल्याची तेथे मक्तेदारी असते. त्यामुळे भाव चढतो, एवढेच नव्हे तर दर्जाही उतरतो. कारण आज खाऊन गेलेला प्रवासी उद्या परत येणार नाही हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

समजा, गाडीत चाळीस प्रवासी आहेत आणि त्यांतील तिसांनी डबे आणले आहेत. हॉटेलवाल्याला उरलेल्या दहांवर धंदा करायचा आहे आणि त्या तिसांपैकी काहींनी निदान चहा-भजी तरी घ्यावीत अशी त्याची इच्छा आहे. मग भाव बेताचा ठेवणे त्याला भाग पडते. आता समजा, तिसांऐवजी तिघांनीच डबे आणले. मग भाव आवरण्याचे कोणतेच कारण त्याला उरत नाही. म्हणजे जो डबा आणतो तो आपले पैसे वाचवतोच, पण न आणणाऱ्याचेही काही पैसे वाचवतो. शिदोरी हा अशा रीतीने प्रवासी बाजारावरचा मूक अंकुश आहे. सरकारी दरपत्रक भिंतीवर टांगलेले असते. हा अंकुश प्रवाशाच्या पिशवीत असतो आणि म्हणून अधिक परिणामकारक ठरतो.

दरपत्रके आणि नियम यांवर विसंबून भागत नाही, याचा सरकारी पुरावाही आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी रेल्वेच्या खानपान सेवेविषयीचा अहवाल जुलै २०१७ मध्ये संसदेपुढे ठेवला. ७४ स्थानके आणि ८० गाड्या यांची पाहणी त्यासाठी झाली होती. खाण्यास अयोग्य पदार्थ, मुदत उलटलेल्या वस्तू आणि पेयांसाठी नळाचे शुद्ध न केलेले पाणी, अशा गोष्टी त्यात नमूद झाल्या. त्यानंतर सुधारणा झाल्याच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण परीक्षकाची फेरी काही वर्षांतून एकदा होते, भूक दर प्रवासात लागते.

हिशेबात न येणारे श्रम

येथपर्यंत वाचून एखादी वाचक भगिनी विचारील, ‘शिदोरी स्वस्त पडते हे खरे, पण कोणाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या शास्त्राला तो अडचणीचा आहे. प्रवाशाने हॉटेलात थाळी घेतली की ती रक्कम राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. तेच जेवण घरी करून डब्यात नेले तर पीठ, तेल आणि बटाटे यांची खरेदी तेवढी मोजली जाते. पहाटे तीन वाजता उठून पुऱ्या लाटणाऱ्या बाईचे श्रम कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक उत्पादनाच्या व्याख्येबाहेर ठेवण्याचा राष्ट्रीय लेख्यांचा संकेत आहे. त्यामुळे शिदोरी आटली की कागदावर देश थोडा श्रीमंत होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशातील माणसे दिवसाचा वेळ कशी घालवतात याची पाहणी केली. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. प्रवासाच्या आदल्या दिवशी या आकड्यांत काय भर पडते ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. सहलीला जाणारे सगळे सारखेच. पण एकाची सहल गाडी सुटल्यावर सुरू होते आणि दुसरीची मेहनत आदल्या संध्याकाळीच सुरू झालेली असते. गाडीत बसल्यावर ‘अगं, लोणचे दे’ म्हणणारा हात लोणचे बरणीतून काढताना कोठे होता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

म्हणून शिदोरी जपा असे म्हणताना ती कोणी करावी हेही सांगणे प्राप्त आहे. पूर्वीच्या शिदोरीला पक्वान्नांची रेलचेल लागत नसे. चार दशम्या, चटणी, काकडी, दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ एवढ्यावर भागत होते, आणि एवढे करायला घरातील कोणत्याही धडधाकट माणसाला अर्धा-पाऊण तास पुरतो. तो माणूस पुरुष असण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.

एसटीतून येणारा डबा

शिदोरीचे आणखी एक रूप आमच्यासारख्या शिक्षकांच्या नित्य परिचयाचे आहे. तेथे प्रवास माणूस करीत नाही, डबा करतो. कोल्हापूर, सातारा, सोलापूर, लातूर अशा शहरांत खोली घेऊन शिकणाऱ्या खेड्यांतील मुलांचे डबे सकाळच्या एसटीने येतात. आई पहाटे भाकऱ्या थापते, बाप फाट्यावर येऊन गाडी गाठतो, आणि कपड्याच्या पिशवीवर नाव लिहिलेला डबा वाहकाच्या साक्षीने शहरात उतरतो. संध्याकाळी रिकामा डबा त्याच वाटेने परत जातो. खानावळीचे महिन्याचे पैसे ज्याला परवडत नाहीत, त्याचे पदवीचे शिक्षण या एका पिशवीला टांगलेले असते.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा ही सेवा कोणाच्या योजनेत नसेल. पण सार्वजनिक वाहन गावापर्यंत पोचले की त्याच्या पाठीवर असे कितीतरी न मोजलेले उपकार स्वार होतात. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. प्रवाशांचे हाल वृत्तपत्रांत आले. गाडीबरोबर बंद पडलेल्या डब्यांची नोंद महामंडळाच्या तोट्याच्या हिशेबात होणे शक्यच नव्हते. ती विद्यार्थ्यांच्या पोटात झाली. तोट्यातील मार्ग बंद करण्याची भाषा जे सहज बोलतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

रुळांवरच्या भाकरी

शिदोरी ही गरिबाची अखेरची तरतूद असते, याचे दर्शन साऱ्या देशाला २०२० मध्ये घडले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली. कामे थांबली, खानावळी मिटल्या, गाड्या बंद झाल्या आणि लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. जालन्याहून निघालेला मध्य प्रदेशातील मजुरांचा एक गट भुसावळला गाडी मिळेल या आशेने लोहमार्गाच्या कडेने चालत होता. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपी गेलेल्या सोळाजणांचा मालगाडीखाली अंत झाला. त्यानंतरच्या छायाचित्रांत रुळांमध्ये विखुरलेल्या भाकरी दिसत होत्या. त्यावर अधिक काही लिहिण्याची गरज नाही. घराने बांधून घेतलेली तरतूद शाबूत होती. तुटली होती ती समाजाने करावयाची तरतूद.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. घरी परतणाऱ्या मजुरांकडून भाडे घेऊ नये, गाडी जेथून सुटते त्या राज्याने स्थानकावर आणि रेल्वेने प्रवासात त्यांना अन्न व पाणी द्यावे, असे त्यात म्हटले होते. प्रवाशाच्या अन्नपाण्याशी शासनाचा संबंध आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. फक्त ते आपत्तीपुरतेच मान्य करायचे की नेहमीसाठी, एवढे ठरवणे बाकी आहे.

नळ की बाटली?

या नेहमीच्या व्यवस्थेत पहिली गोष्ट म्हणजे पाणी. २००३ मध्ये रेल्वेने स्वतःचे बाटलीबंद पाणी बाजारात आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरल्यावर त्याच्या एक लिटरच्या बाटलीची किंमत १५ रुपयांवरून १४ करण्यात आली. एक रुपया वाचला याचा आनंद मानावा. पण उन्हाळ्यात चारजणांचे कुटुंब चोवीस तासांचा प्रवास करते, तेव्हा त्याला दहा-बारा बाटल्या सहज लागतात. म्हणजे दीडशे रुपयांच्या घरात केवळ पाण्यावर गेले. घरच्या भाकरीने वाचवलेले पैसे असे वाटेवरच्या बाटलीत ओतले जातात. शिवाय रिकाम्या बाटल्यांचे ढीग रुळांच्या कडेने साचतात ते वेगळेच. स्वस्तात पाणी भरून देणारी यंत्रे मध्यंतरी अनेक स्थानकांवर बसवण्यात आली. त्यांतील बरीच पुढे बंद पडली. फलाटावरचा नळ आहे, पण त्याच्या पाण्यावर प्रवाशाचा विश्वास उरलेला नाही. आणि विश्वास गमावलेला नळ हा बाटली विकणाऱ्याचा सर्वांत मोठा जाहिरातदार असतो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक रेल्वे स्थानकावर आणि प्रत्येक एसटी स्थानकात शुद्ध पाण्याचे चालू नळ असावेत, पाण्याची तपासणी केव्हा झाली त्याची तारीख नळाशेजारी लिहिलेली असावी, आणि हे काम जाहिरातीतून परवडते की नाही यावर अवलंबून ठेवू नये. डबा उघडून बसता येईल अशी सावलीची जागा, हात धुण्याची मोरी आणि उष्टे टाकण्याची कुंडी यांना खर्च फार नाही. कोठेही काही खायचे तर तेथलेच विकत घेऊन खा, अशी सक्ती वाढत्या प्रमाणात दिसते. चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले. चित्रपट पाहणे ऐच्छिक आहे. सार्वजनिक वाहनाचा प्रवास बहुतेकांच्या बाबतीत ऐच्छिक नसतो, म्हणून तेथे घरचा घास खाण्याचा हक्क निर्विवाद राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट शासनाच्या हातातली नाही. अनोळखी व्यक्तीने दिलेले काही खाऊ नका, अशी घोषणा आज प्रत्येक मोठ्या स्थानकावर ऐकू येते. गुंगीच्या औषधाचे प्रकार घडतात, त्यामुळे ती आवश्यकही आहे. पण डब्यात डबा मिसळण्याला आपल्याकडे गोपाळकाला म्हणतात, आणि तो काला करणाऱ्या गोपाळांनी एकमेकांची जात विचारल्याचे कोणत्याही कथेत नाही. शेजाऱ्याला काय वाटेल या भीतीने आपला डबा अर्धवट झाकून खाणारी माणसे अजूनही या देशाच्या गाड्यांतून प्रवास करतात. कोणाला आपल्या अन्नाची लाज वाटायला लावणे हा पाणी नाकारण्याचाच सौम्य प्रकार आहे.

प्रगत समाजात शिदोरीची गरज उरणार नाही, असे काहींना वाटते. मला उलटे वाटते. प्रत्येकाला शिदोरी नेता येते, ती करण्याचा भार एकीच्याच माथी पडत नाही, ती उघडताना कोणाला संकोच वाटत नाही आणि तिच्याबरोबर प्यायला लागणारे पाणी प्रत्येकाला न मागता व न विकत घेता मिळते, त्या समाजालाच प्रगत म्हणावे. भूकलाडू वळायला आपली घरे समर्थ आहेत. तहानलाडवाचे काम अजून आपल्या सर्वांकडे थकलेले आहे.